फिजिक्सची पदवी आणि कर्जाचा हिशेब



आमच्या मुलीने बी.एस्सी.ला फिजिक्स घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात पहिली चर्चा कर्जाचीच झाली. खाजगी कॉलेज, होस्टेल धरून चार लाख. तेवढ्याला बँक तारण मागत नाही, म्हणून आम्ही खूश!

मग रात्रपाळीत साच्याजवळ हिशेब मांडला. चार लाख, व्याज दहा टक्के, फेड सात वर्षांत. हप्ता महिना सुमारे ६,६४० रुपये, एकूण भरणा साडेपाच लाखांवर. शिकतानाचं व्याज वेगळंच. आणि नुसत्या बी.एस्सी.ला कोण विचारतो? हायस्कूलात शिकवायचं तर बी.एड. हवं, संशोधनाला एम.एस्सी. हवी. म्हणजे हप्त्याचा तगादा लागेल तेव्हा पोरीच्या हातात पगार नसणार.

आम्ही फिजिक्स सोडलं नाही, कॉलेज बदललं. अनुदानित कॉलेजची फी थोडी, वर भारत सरकारची शिष्यवृत्ती. केंद्राने १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरलं, त्याचा हा उपयोग. उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. पैसे मात्र उशिरा येतात, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी आमच्या मंडळींची बोरमाळ गहाण पडली.

बाबासाहेबांनीही १९२० साली लंडनला जाताना मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतलं, पण त्याआधी सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले होते. कर्ज आम्हीही काढू, पण ते एम.एस्सी.ला. आय.आय.टी.साठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत आहे, फॉर्म भरलाय. बोरमाळ अजून सुटायची आहे.