थरच्या ओरणी



वाळवंट म्हटले की शाळेच्या भूगोलातले चित्र आपल्यापुढे उभे राहते. वाळूच्या टेकड्या, एक उंट, आणि त्यावर बसलेला, कोठे चालला आहे हे कोणालाच ठाऊक नसलेला एक मनुष्य. राजस्थानातील जैसलमेरच्या बाजूस गेले म्हणजे यातले निम्मे चित्र पुसावे लागते. टेकड्या आहेत, पण पुष्कळशी जमीन सपाट, खडकाळ आणि गवताची आहे. वर्षाकाठी पाऊस सात-आठ इंच, आणि तोही त्याच्या मर्जीने. तेवढ्यावर सेवण नावाचे गवत मूळ धरून राहते आणि त्यावर थारपारकर गाई, मेंढ्या, उंट जगतात. शेती हा तेथे जुगार. घरची ठेव म्हणजे गुरे.

या मुलखातील ज्या जमिनीविषयी आज बोलायचे आहे, तिला ओरण म्हणतात. हा शब्द अरण्यापासून आला असे सांगतात. आपल्या सह्याद्रीतील देवराईची ती मरुभूमीतली बहीण. परंतु बहिणींची तोंडे सारखी नाहीत. देवराई बहुधा लहान, दाट आणि अंधारी. तीत पाऊल टाकताच आपण देवाच्या घरी आलो हे कळते. ओरण उघडी असते, हजारो बिघे पसरलेली असू शकते, आणि आपण तीत शिरलो हे परक्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. मधूनमधून खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी. बोरी, केराची झुडपे. कोठे एखादे तळे, आणि देवीचे ठाणे. नियम थोडे, पण कडक. कुऱ्हाड चालवायची नाही. नांगर घालायचा नाही. पुष्कळ ठिकाणी तर वाळून पडलेले लाकूडही चुलीसाठी घरी नेत नाहीत. गुरांना मात्र मोकळीक. तळ्याकडे पाणी वाहून आणणाऱ्या उताराला आगोर म्हणतात. तो स्वच्छ राखायचा, कारण त्या सात-आठ इंचांतला थेंब न् थेंब तेथूनच यायचा.

झाडांसाठी प्राण देण्याची कथा याच मरुभूमीतली. इसवी सन १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावी राजवाड्याच्या चुनाभट्टीसाठी शमीची झाडे तोडू लागले, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिश्नोई समाजाची माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. ३६३ जण मारले गेले. ही कथा आपण व्याख्यानांतून वारंवार सांगतो, आणि सांगावीच. पण तिच्यामुळे एक गैरसमज होतो. राखण म्हणजे एका दिवसाचे हौतात्म्य, असे वाटू लागते. ओरणीची राखण त्याहून नीरस आहे. पिढ्यान् पिढ्या काही गोष्टी न करणे, एवढीच ती आहे. अशा कामाची बखर कोण लिहिणार?

आणि लिहिले नाही, येथेच घोटाळा झाला. ओरणीची हद्द ठरविताना दूध किंवा गंगाजलाची धार धरून गावकरी सीमेवरून चालत, असे सांगतात. धार वाळून जाते. गावाला हद्द पाठ असते. सरकारी दप्तराला पाठांतर चालत नाही. ज्या जमिनीवर कोणी पीक काढीत नाही, जिच्यापासून सारा येत नाही, ती पडीक. हा हिशेब इंग्रजांनी शिकविला आणि आपण तो मोडला नाही. देगरायमातेची ओरण गावकरी साठ हजार बिघ्यांची मानतात. तिचा निम्माही भाग दप्तरात ओरण म्हणून चढलेला नाही. राजस्थानात लहानमोठ्या अशा सुमारे २५,००० ओरणी असाव्यात, असा अंदाज देतात.

पडीक जमिनीला आता गिऱ्हाईक आले आहे. ऊन भरपूर आणि जमीन स्वस्त. भडल्याच्या सौर उद्यानाने १४,००० एकरांच्या आसपास जागा व्यापली असून त्याची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. भडल्याचा दाखला मी केवळ आकाराची कल्पना यावी म्हणून दिला. असे प्रकल्प आणि त्यांच्या विजेच्या तारा ओरणींच्या अंगावर येऊ लागल्या, तेव्हा तंटा उभा राहिला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. समोरचा पक्ष चुनाभट्टीवाला राजा नाही. कोळशाचा धूर कमी व्हावा असे आपल्यालाही वाटते, आणि या मंडपातले दिवेही विजेवरच जळत आहेत. म्हणूनच हे भांडण अवघड आहे.

तारांचा फटका कोणाला बसतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. माळढोक हा जड पक्षी, त्याला समोरचे नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला उशीर झालेला असतो. नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज आपल्या माळावर तो जवळजवळ नाहीच. देशभरात मिळून दीडशेही उरले नसावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये तो सैल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला.

गावकऱ्यांनी काय केले? मेंढपाळ, उंटवाले, शाळामास्तर, देवीचे भक्त अशी मंडळी ओरणीला पायी प्रदक्षिणा घालू लागली. पूर्वी दुधाची धार होती, आता हातात अर्ज आहेत, एवढाच फरक. त्यांनी कचेऱ्या झिजवल्या, न्यायालये गाठली. उंटवाल्यांची निकड तर उघड आहे. राजस्थानात २०१२ साली सव्वातीन लाखांवर उंट होते, २०१९ च्या गणनेत दोन लाख तेरा हजार उरले. आणि दरम्यान, २०१४ साली, उंटाला राज्यपशूचा मान मिळाला होता! मानाने पोट भरत नाही, त्याला चरायला माळ लागतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. राजस्थान सरकारने प्रत्येक ओरणीची जागेवर आणि उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करावी, आकार लहान की मोठा हे न पाहता तिची वन म्हणून नोंद करावी, असे त्यात सांगितले. देखरेखीसाठी उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमण्यास सांगितले. 'वन' हा शब्द त्या उघड्या माळाला थोडा ढगळ होतो खरा. मेंढपाळांना त्याची धास्तीही आहे, कारण वनखाते आले की चराईबंदी येते, हा अनुभव आपल्याकडील धनगरांनाही आहे. गुरे चरली नाहीत तर ती ओरण कसली? तरी नोंद हवीच. आणि पटवारी साखळी घेऊन येईल तेव्हा कोठे उभे राहायचे, हे त्याला दाखवायला हद्द पाठ असलेला एखादा म्हातारा लागणार आहे. मोजणीला जितका उशीर होईल, तितके असे म्हातारे कमी होत जातील.