न दिसणारी पोटदुखी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही शिक्षणाविषयी बोलावे, अशी चिटणीसांची इच्छा होती. आम्ही मात्र बुद्ध्याच पोटदुखीचा विषय घेतला आहे. आम्ही मॅट्रिक झालेले शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडील आपल्या घरांतून हे दुखणे इतके आढळते की, मौन धरवत नाही.

घरची सून वर्षवर्ष पोट धरून बसते. बेंबी सरकली म्हणून कोणी पोट चोळतो, कोणी बिब्ब्याचा डाग देतो. सोनोग्राफीत काही निघाले नाही की, ‘कामाचा कंटाळा’ असा निकाल ओसरीवरच लागतो! यंत्रात न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे. आतडी परस्परांस चिकटलेली असणे, पोटाच्या आवरणावर क्षयाचे बारीक दाणे उठणे, गर्भाशयाचे अस्तर भलतीकडे रुजणे, हे विकार पुष्कळदा सोनोग्राफीस चकवतात.

अशा वेळी शल्यविशारद रोग्यास पूर्ण भूल देतात, बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि दुर्बिणीने आतील अवयव प्रत्यक्ष पाहतात. संशयित भागाचा तुकडा तपासणीस काढता येतो. दोष सापडल्यास बहुधा त्याच भुलेत उपायही होतो. क्षय ठरला तर मात्र कात्री नको, औषधच हवे; ते निदान सहा महिने घ्यावे लागते व शासनाकडून विनामूल्य मिळते.

ही विद्या आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांचे. 1972 साली त्यांनी दुर्बिणीने पोट तपासण्यास आरंभ केला आणि 1990 साली त्याच मार्गाने पित्ताशय काढले. 2023 साली ते निवर्तले.

परंतु दुर्बीण म्हणजे परीस नव्हे. हॉलंडमध्ये शंभर रोग्यांवर झालेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. आतडी चिकटलेल्या रोग्यांपैकी काहींचे चिकटे सोडविले, काहींचे नुसते पाहून सोडून दिले. वर्षाने दोन्हीकडे आराम सारखाच! तेव्हा काही कापण्यापूर्वी ‘कशासाठी?’ असे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड भगिनींची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्यावरून 2019 साली शासनास चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातूनही कोयते जातातच. दुखण्याचे मूळ न शोधता अवयवच काढून टाकणे, यास आम्ही उपचार म्हणणार नाही.

2023 पासून परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे; प्रथम तेथे विचारावे. जाताना जुने सर्व कागद न्यावेत. दुखणे कोठे, केव्हा, जेवणानंतर की पाळीच्या दिवसांत, हे महिनाभर वहीत टिपावे. ते रोगिणीनेच सांगावे, सासूने नव्हे. पूर्वी पोटावर टाके पडले असल्यास आरंभीच सांगावे; कारण पहिले छिद्र कोठे पाडावयाचे, ते त्यावरून ठरते.