संमतीने घेतलेले पडसे



पडसे झालेला मनुष्य डॉक्टरांकडे जातो तेव्हा विषाणू त्याच्या नाकात शिरून एक-दोन दिवस उलटलेले असतात. त्या अवधीत शरीराने प्रतिकाराची सिद्धता कशी केली, हे त्याला तपासून कळत नाही. ज्याच्या शरीराने विषाणूला दारातूनच परतविले, तो तर डॉक्टरांकडे फिरकतही नाही. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकाला मात्र नेमके हेच दोघे हवे असतात. म्हणून निरोगी माणसाच्या नाकात, त्याच्या संमतीने, विषाणू सोडावयाचा आणि त्या क्षणापासूनच्या घडामोडी टिपावयाच्या, असा मार्ग शास्त्रज्ञांनी अवलंबिला.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरी येथे १९४६ साली पडशाच्या संशोधनाचे असे एक केंद्र स्थापन झाले. युद्धकाळातील एका रुग्णालयाच्या बैठ्या इमारतींत स्वयंसेवक दोघा-तिघांच्या गटाने सुमारे दहा दिवस राहत. इतरांपासून त्यांना अंतर राखावे लागे. कोणाच्या नाकात विषाणूचे थेंब पडले आणि कोणाच्या निरुपद्रवी द्रवाचे, हे त्यांना ठाऊक नसे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसे. वापरलेल्या कागदी रुमालांचीसुद्धा मोजदाद होई! १९९० मध्ये केंद्र बंद झाले, तोवर हजारो स्वयंसेवक तेथे राहून गेले होते.

तेथील एका प्रयोगाचा वृत्तान्त १९९० मध्येच प्रसिद्ध झाला. पडसे आणणारा एक कोरोना विषाणू १५ जणांना देण्यात आला. त्यांपैकी १० जणांना लागण झाली. त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे प्रथम वेगाने वाढली, मग हळूहळू ओसरली. वर्षानंतर त्यांतील ९ जणांना तोच विषाणू पुन्हा दिला. ६ जणांच्या शरीरात तो पुन्हा आढळला, परंतु पडसे एकालाही झाले नाही. तात्पर्य, प्रतिकारशक्ती हा अभेद्य तट नव्हे. ती आजार टाळू शकते, पण लागण टाळीलच असे नाही.

२०२१ साली लंडनमध्ये कोविडचा विषाणू १८ ते २९ वयाच्या ३६ स्वयंसेवकांना अत्यल्प मात्रेत देण्यात आला. त्यांपैकी १८ जणांत लागण टिकली. गंभीर आजारी कोणीही झाले नाही. यांतील १६ जणांच्या पेशींचा सूक्ष्म अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात विषाणू क्षणिकच दिसला, त्यांच्या नाकात रक्षक पेशी लवकर पोहोचल्या होत्या. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसला, त्यांच्यात त्या उशिरा आल्या. लागणीची वेळ नेमकी ठाऊक असल्यावाचून हा भेद कळता ना.

तथापि निरोगी माणसाला हेतुपुरस्सर रोग देणे वैद्यकाच्या धर्मात बसते काय? पडसे आपोआप बरे होते, म्हणून तेथे हा प्रश्न सौम्य वाटतो. नव्या रोगाच्या बाबतीत तो तीव्र होतो. धोका समजावून न सांगता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. गरजवंताला मोठ्या रकमेचे आमिष दाखविले, तर त्याचा होकार स्वतंत्र राहत नाही. आपल्या देशात, जेथे दारिद्र्य आणि निरक्षरता अद्याप सरलेली नाही, तेथे ही काळजी दुपटीने घ्यावयास हवी. शिवाय तरुण, सुदृढ शरीराने दिलेले उत्तर वृद्धांना वा दुर्बलांना जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही विसरता कामा नये.

स्वयंसेवक आपले शरीर काही दिवस विज्ञानाच्या स्वाधीन करतो. त्या विश्वासाला पात्र राहणे, ही संशोधकाची पहिली कसोटी होय.