लाओसच्या आकाशातले डोमकावळे



युद्धकथा ऐकावयास मिळतील या अपेक्षेने येथे कोणी आले असतील, तर त्यांची थोडी निराशा होण्याचा संभव आहे. आजच्या विषयात लढाईपेक्षा लपवालपवीचा भाग मोठा आहे. पण ही लपवालपवी जीवावर उदार होऊन करणारी माणसे होती, आणि तिच्यापायी जीव गमावणारी माणसे त्यांच्याहून कितीतरी अधिक होती. म्हणूनच हा विषय आम्हांस व्याख्यानाला योग्य वाटला.

लाओस हा डोंगराळ आणि गरीब देश. त्याला समुद्रकिनारा नाही. पूर्वेला व्हिएतनाम, उत्तरेला चीन, पश्चिमेला मेकाँग नदी आणि तिच्यापलीकडे थायलंड. जुलै १९६२ मध्ये जिनेव्हा येथे चौदा राष्ट्रांच्या परिषदेने या देशाची तटस्थता मान्य केली. परक्या फौजांनी निघून जावे असे ठरले. देखरेखीसाठी जे आंतरराष्ट्रीय मंडळ होते, त्यात कॅनडा, पोलंड आणि हिंदुस्थान हे सभासद; अध्यक्षपद आपल्याकडे. अमेरिकेने आपले ६६६ लष्करी सल्लागार मोजून बाहेर काढले. उत्तर व्हिएतनामचे सैनिक तेथे हजारोंनी होते; तपासणीनाक्यावरून त्यांपैकी ४० गेले. बाकीचे कोठे आहेत, असे विचारले तर हनोईचे उत्तर एकच : आमचे कोणी तेथे नाहीच.

मग अमेरिकेनेही तेच उत्तर पाठ केले. मांजराने डोळे मिटून दूध प्यावे, तशी ही दोन मांजरे एकाच भांड्याशी बसली होती. लाओसचे पंतप्रधान सुवन्ना फूमा यांना सारे ठाऊक होते. परंतु तटस्थतेचा बुरखा त्यांनाही हवा होता, कारण तो गळून पडला असता तर त्यांचे आसन राहिले नसते. या मौनाचा दोष एकट्या वॉशिंग्टनच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

अशा देशात विमानातून बाँब टाकावयाचे असतील तर एक व्यावहारिक अडचण येते. वेगाने जाणाऱ्या जेट विमानातील वैमानिकाला खालच्या जंगलातले काही दिसत नाही. शत्रू कोठे, आपले लोक कोठे, गाव कोणते, हे सांगणारा कोणीतरी खाली घिरट्या घालीत असावा लागतो. प्रारंभी हे काम 'बटरफ्लाय' हे संकेतनाम घेतलेली माणसे करीत. ती वैमानिकही नव्हती. गुप्तचर खात्याच्या मालकीच्या 'एअर अमेरिका' कंपनीच्या विमानात वैमानिकाशेजारी बसून ती मार्गदर्शन करीत. वैमानिक नसलेल्यांनी जेट विमानांना हुकूम द्यावेत, हे अमेरिकन हवाई दलाच्या वरिष्ठ सेनापतीस रुचले नाही. १९६६ पासून त्यांच्या जागी हवाई दलाचे अधिकृत वैमानिक आले. अधिकृत म्हणजे कागदोपत्री मात्र नव्हेत! त्यांचे संकेतनाम होते 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा.

हे सारे स्वयंसेवक. व्हिएतनाममध्ये हेच काम काही महिने केलेल्या तरुणांना विचारले जाई. होकार देणाऱ्याला आपण कोठे जाणार याची धड कल्पना नसे. थायलंडात पोचल्यावर त्याचा गणवेश काढून घेत. साधी पँट आणि सदरा घालून तो मेकाँग ओलांडी. कागदावर तो थायलंडातल्या तुकडीत, प्रत्यक्षात लाओसमध्ये वकिलातीच्या हाताखाली. व्हिएंशान, लुआंग प्रबांग, सावन्नाखेत, पाकसे आणि लाँग तिएंग ही त्यांची ठाणी. यातले लाँग तिएंग तर चुनखडीच्या उभ्या सुळक्यांच्या कुशीत दडलेले. धावपट्टीच्या एका टोकाला डोंगरच उभा. येथे ह्मोंग जमातीचे सेनापती वांग पाओ यांचे मुख्य ठाणे होते. हजारोंची वस्ती, विमानांची अखंड ये-जा, आणि नकाशावर नावसुद्धा नाही.

त्यांचे विमान म्हणजे 'बर्ड डॉग' : एका इंजिनाचे, दोन माणसांचे, ताशी शंभर मैलांच्या आसपास जाणारे. अंगावर राष्ट्रचिन्ह नाही. मागच्या आसनावर एखादा लाओ किंवा ह्मोंग सहकारी बसे. खालच्या सैनिकांशी तो त्यांच्या भाषेत बोले आणि वैमानिकाला सांगे. वैमानिकाच्या कानात एकाच वेळी तीन-चार आवाज : खालून मदत मागणारा, मागून सांगणारा, वरून थायलंडातून आलेल्या जेट विमानांचा, शिवाय दूरवरच्या नियंत्रकाचा. लक्ष्य सापडले की वैमानिक झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली येऊन पांढऱ्या फॉस्फरसचा अग्निबाण सोडी. धुराचा लोट उठला की वरच्यांना सांगणे, धुराच्या उत्तरेला शंभर मीटर. एवढ्यात खालच्या बंदुकांनाही तो दिसलेला असे. या कामात पुढे-मागे सुमारे दोनशे वैमानिक राबले आणि त्यांपैकी वीसहून अधिक मेले. दहांतला एक, हे प्रमाण थोडे नव्हे. गणवेश घातलेल्या सैनिकाला पकडले तर तो युद्धकैदी ठरतो. गणवेशच नसलेल्याला कोणता कायदा राखणार? लाओसमध्ये पकडलेले अमेरिकन वैमानिक अगदी मोजके परत आले.

धैर्याविषयी एवढे सांगून आम्ही आता दुसऱ्या वैमानिकांकडे वळतो. त्यांच्याविषयी पुस्तकांत कमी लिहिलेले आढळते. थायलंडातील उदोर्न येथे १९६४ पासून लाओ वैमानिकांना टी-२८ विमाने चालवावयास शिकवीत. पुढे त्यात ह्मोंग तरुणही आले. त्यांपैकी ली लू हा मुळात शाळामास्तर. दिवसातून अनेकदा उड्डाण करीत त्याने पाच हजारांहून अधिक मोहिमा केल्या, असे सांगतात. डोमकावळ्यांची नेमणूक साधारणतः सहा महिन्यांची. मुदत संपली की मायदेशी जावयाचे. ली लूच्या नेमणुकीला मुदत नव्हती. त्याचा देश तोच, आणि खाली लढणारे त्याचे भाऊबंद तेच. जुलै १९६९ मध्ये विमानवेधी तोफांनी त्याला पाडले. ज्या अमेरिकनांनी त्याच्याबरोबर उड्डाणे केली, त्यांनी त्याच्याविषयी आदराने लिहून ठेवले आहे. पण हा करार दोन्ही बाजूंना सारखा होता, असे आम्हांस म्हणवत नाही.

आता हे गुपित कोणापासून राखले होते, ते पाहा. बाँबखालच्या शेतकऱ्याला विमाने दिसत होती. हनोईला माहीत होते, मॉस्कोला माहीत होते, पेकिंगला माहीत होते. माहीत नव्हते ते ज्याच्या करातून बाँब विकत घेतले जात, त्या अमेरिकन नागरिकाला, आणि बहुतांशी त्याच्या लोकसभेलाही. सिनेटर सायमिंग्टन यांच्या समितीने १९६९ च्या ऑक्टोबरात बंद दाराआड चौकशी केली. १९७० च्या फेब्रुवारीत काही पत्रकार पायी चालत लाँग तिएंगपर्यंत पोचले. मार्चमध्ये अध्यक्ष निक्सन यांना जाहीर निवेदन करावे लागले. त्यात, लाओसमध्ये नेमलेला एकही अमेरिकन जमिनीवरील लढाईत मेलेला नाही, असे म्हटले होते. थोड्याच दिवसांत तेही खोटे ठरले.

युद्ध गुप्त असले की हिशेबाची जबाबदारी कोणावर, हे ठरत नाही. कोठे बाँब टाकावा याला संमती देण्याचा अधिकार लाओसमध्ये सेनापतीकडे नसून राजदूताकडे होता. राजदूत ही मुत्सद्द्याची जागा, लढवय्याची नव्हे. हा माणूस निर्दयच असतो असे आम्ही म्हणत नाही. कित्येक वेळा लक्ष्ये नाकारलीही गेली. पण त्याला उघडपणे जाब विचारू शकेल असा कोणीच नव्हता.

आपल्या अध्यक्षपदाचे काय झाले? मंडळाला हिंडण्याची मोकळीक नव्हती आणि सभासदांत एकमत नव्हते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी मंडळाचे विमान व्हिएंशानहून हनोईला निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. आत तेरा माणसे होती; त्यांत आपले हिंदी लोकही होते. त्यांच्याविषयी आपल्याकडे कोणी क्वचितच बोलतो. ज्या युद्धाचे अस्तित्वच कोणी मान्य करीत नव्हते, त्याच्या देखरेखीवर असताना ती गेली.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत लाओसवर सुमारे ५,८०,००० हवाई मोहिमा झाल्या. वीस लाख टनांहून अधिक बाँब पडले. भागाकार केला तर दर आठ मिनिटांना एक, अहोरात्र. यातले बरेचसे पूर्वेच्या रसदमार्गावर, काही उत्तरेच्या रांजणांच्या पठारावर. ह्या पठारावरून निर्वासित झालेल्या शेतकऱ्यांकडून फ्रेड ब्रॅनफमन यांनी हकिकती आणि चित्रे गोळा करून १९७२ मध्ये पुस्तक काढले. त्या चित्रांत आकाश रिकामे नाही. विमान काढलेच आहे, बहुधा माणसापेक्षा मोठे.

फेब्रुवारी १९७३ मध्ये व्हिएंशानचा तह झाला. मे १९७५ मध्ये लाँग तिएंगहून वांग पाओ आणि काही हजार लोक विमानाने गेले. धावपट्टीवर त्याहून कितीतरी अधिक मागे राहिले. पुष्कळ ह्मोंग मेकाँग ओलांडून थायलंडात गेले आणि तेथून अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटात. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांच्या स्मरणार्थ फलक बसला तो १९९७ मध्ये. म्हणजे मेलेल्यांचे ऋण मान्य करावयास बावीस वर्षे लागली.

जमिनीत राहिले ते फुटावयाचे बाँब. गुच्छबाँबातून सुटलेल्या सुमारे २७ कोटी लहान गोळ्यांपैकी सुमारे ३० टक्के फुटल्या नाहीत, असा अंदाज आहे. लाओ लोक त्यांना 'बाँबी' म्हणतात. चेंडूएवढ्या त्या असतात. नांगराला लागतात, पोरांच्या हाती सापडतात. सप्टेंबर २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामा व्हिएंशानला गेले आणि या सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. रांजणांच्या पठाराला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथे दगडी रांजण पाहावयास जाणाऱ्याला जमिनीत रोवलेल्या खुणांच्या ओळी दिसतात, एका अंगाला पांढऱ्या आणि दुसऱ्या अंगाला तांबड्या. पांढऱ्या अंगाने चालावयाचे असते.