विम्बल्डनवरील लीला राव
टेनिसवर चरितार्थ चालविणाऱ्या व्यावसायिकांस ज्या काळी विम्बल्डनचे दरवाजे बंदच असत, त्या काळात मुंबई इलाख्यातील एका विदुषीच्या कन्येने तेथे जे यश संपादन केले, त्याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो, याची मला खंत वाटते. १९११ साली जन्मलेल्या लीला राव या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव यांच्या कन्या आणि 'वेदार्थयत्न'कर्ते शंकर पांडुरंग पंडित यांच्या नात. मातेकडून त्यांना संस्कृतइतकाच टेनिसचाही व्यासंग लाभला. १९३४ साली विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांच्याविरुद्ध पहिला सेट ४-६ असा हातचा गेला असता, दुसरा १०-८ असा झुंजून आणि तिसरा ६-२ असा निर्विवाद जिंकून, त्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या इडा आदामॉफ यांनी त्यांना हरविले खरे. तथापि अठरा गेम चाललेला तो दुसरा सेटच मला त्यांच्या कारकिर्दीचा मानबिंदू वाटतो. व्यावसायिकांस विम्बल्डन खुले झाले ते १९६८ साली. तोवर लीलाबाई भारतीय नृत्यावरील ग्रंथलेखनात आणि आईच्या संस्कृत कथांना नाट्यरूप देण्यात रमल्या होत्या.