न आवडणाऱ्या बाईची बाजू



एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी एमिली वारली. जगभर ही प्रेमकथा म्हणून नावाजली जाते. मला ती तशी वाचवत नाही आणि बाजूलाही ठेववत नाही. का, ते आज बोलणार आहे.

सुरुवातीलाच भूत भेटते. यॉर्कशायरच्या माळावरचे घर, बर्फाची रात्र. खिडकीतून कॅथरीनचा गार हात आत येतो, ‘आत घ्या’ म्हणून ती रडते. मुक्कामाला आलेला पाहुणा तिचे मनगट फुटक्या काचेवर घासतो. मला भुतापेक्षा त्या सभ्य गृहस्थाचीच जास्त भीती वाटली.

पुढे जो भेटतो तो नकोसाच. कॅथरीन हट्टी, आपल्यापुरते पाहणारी. हीथक्लिफने लहानपणी मार खाल्ला, अपमान सोसले, त्याचे वाईट वाटते. पण मोठेपणी तो इझाबेलाशी लग्न करतो ते सूड आणि मालमत्ता डोळ्यांपुढे ठेवून. पळून जाताना तिच्या कुत्रीला फास लावतो, पुढे तिच्यावर सुरी फेकतो. असल्या माणसाला ‘महान प्रेमी’ म्हणतात, तेव्हा माझे डोके फिरते.

इझाबेलाही काही गुणी नाही. लाडावलेली, नटवी, समजावूनही न ऐकणारी. गोष्ट सांगणाऱ्या नेलीला तिची फारशी कीव येत नाही. वाचताना आपल्यालाही वाटते, ‘हिनेच ओढवून घेतले.’ इथेच आपण थांबायला हवे. हीथक्लिफ उघड सांगतो, की मी कायद्याच्या चौकटीत राहूनच हिला छळतो, वेगळे होण्याचे कारण हिच्या हाती देत नाही. लेखिकेला कायदा नेमका ठाऊक होता! इंग्लंडमध्ये १८५७ चा घटस्फोट कायदा आल्यावरही नवऱ्याचा नुसता व्यभिचार बायकोला पुरत नसे. जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखे काही सिद्ध करावे लागे. पुढच्या पिढीतल्या कॅथीचे लग्न हीथक्लिफ आपल्या मरणपंथाला लागलेल्या मुलाशी जबरदस्तीने लावतो. तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होते आणि तो ती बापाच्या नावे करतो. या लुटीला कायद्याने अटकाव केला तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी.

इझाबेला मात्र पळते. अंगठी काढून लोखंडी सळीने ठेचते, निखाऱ्यात टाकते. दूर जाऊन एकटीने मूल वाढवते. माझी तक्रार इथे आहे. ही बारा-तेरा वर्षे कादंबरी दोन-चार ओळींत उरकते. मेलेल्या कॅथरीनच्या भुताला मात्र शेवटपर्यंत जागा आहे.

तरीही मी हे पुस्तक वाचा म्हणेन. आपल्याकडे सल्ल्याला येणारी प्रत्येक बाई सोशिक, गोड बोलणारी नसते. कुणी खोटे बोलते, कुणी सुनेला छळून आलेली असते, कुणी आपल्यावरच डाफरते. तिचे वागणे पटले नाही तरी तिच्या अंगावरचे वळ खरेच असतात. मदत हा तिचा हक्क आहे, चांगल्या वागणुकीचे बक्षीस नव्हे. इझाबेला न आवडताही तिची बाजू घेता येते का, एवढे वाचताना स्वतःला विचारा.