मागच्या इयत्तेचं पुस्तक काढा



मुख्याध्यापकांनी मला ‘पाणी आणि आपलं भवितव्य’ हा विषय दिला आहे. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली म्हणून दिला असावा. पण मांडवात शिरताना दोन शिक्षक आपसात बोलत होते, ‘नववीचं यंदा काही खरं नाही.’ ते कानावर पडलं आणि माझं पाणी तिथंच मुरलं. नववी कुठं बसली आहे? मागे ना? आम्हीही मागेच बसायचो.

आठवी-नववीत माझं गणित म्हणजे घरी न दाखवण्याची गोष्ट. सहामाहीचा पेपर चौघडी घालून दप्तराच्या तळाशी. कापूस वेचायचे दिवस असले की शाळा बुडायची आणि घरचेही फार ओरडत नसत, हेही खरं. तेव्हा आम्हाला एक सर होते. आज ते नाहीत. त्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसवून विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मी म्हणालो, एक चतुर्थांश, कारण तिनापेक्षा चार मोठे. सर हसले नाहीत. त्यांनी नववीचं बीजगणित मिटलं, कपाटातून पाचवीचं पुस्तक काढलं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं, म्हणजे आतलं पुस्तक पाचवीचं आहे हे कुणाला कळू नये. दिवाळीपर्यंत पाचवी, संक्रांतीपर्यंत सहावी, पुढे सातवी. दहावीला मी काठावरच पास झालो. तंत्रनिकेतनात दहावीच्या गुणांवर प्रवेश, तिथं मला कोण घेतो? मग मलकापूरला अकरावी-बारावी. बारावीला गणित सुटलं आणि अमरावतीच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलला नंबर लागला, तोही दुसऱ्या यादीत.

पाण्याबद्दल एवढंच सांगतो. एखाद्या कालव्याला उतार असतो पाच हजारांत एक, म्हणजे पाच हजार मीटर पाणी चालतं तेव्हा तळ एक मीटर खाली जातो. हा अपूर्णांकच आहे. तो चुकला तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वावरात पाणी पोचत नाही. झालं माझं पाण्यावरचं भाषण.

तर पोरंहो, जिथं अडलं तिथं बसून राहू नका, मागे जा. नववीचं समीकरण येत नाही याचं कारण बहुधा नववीत नसतं, पाचवी-सहावीत असतं. शिक्षण हक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असं बरीच वर्षं चाललं. आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. मधल्या काळात जे वर सरकले त्यांचं कच्चं राहिलेलं सगळं नववीत एकदम अंगावर आलं. यात त्या पोराला ‘ढ’ म्हणून काय मिळतं? ट्यूशन लावूनही उपयोग नाही, कारण ट्यूशनवालाही नववीच शिकवतो. मागच्या इयत्तेचं पुस्तक काढा. कावून लाजता?

आणि हे पालकांनी ऐका, विशेषतः पहिल्या रांगेत मोबाइल बघणारे काका. तुमच्या पोराचे आठवी-नववीचे गुण अकरावीच्या प्रवेशात धरत नाहीत. अभियांत्रिकीला सीईटी आहे, सोबत बारावीला भौतिकशास्त्र, गणित वगैरे तीन विषय मिळून खुल्या वर्गाला 45 टक्के, राखीवला 40. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावी मिळते. पुरवणी परीक्षा आहे. आमच्या वेळी तिला ऑक्टोबरची वारी म्हणायचे. शाळा सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. आयटीआय करून पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि पदविकेवरून पदवीच्याही दुसऱ्या वर्षात. एवढ्या वाटा असताना नववीच्या निकालावर पोरीचं लग्न काढता आणि पोराला सुरतेला कामाला पाठवता?

काही शाळाही कमी नाहीत. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं नववीतच गाळतात आणि सतरा नंबरचा फॉर्म हातात देतात. मग बाहेर फलक लागतो. अशा फलकाला माझ्या लेखी किंमत नाही.

चित्रपट दिग्दर्शक नागराज मंजुळे दहावीत नापास झाले होते. करमाळ्याजवळच्या जेऊरचे, पुढे पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाले, मग अहमदनगरला संज्ञापन शिकले. महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोज शर्मा बारावीत नापास झालेले. स्नेहसंमेलनांत ही नावं घेतली की टाळ्या पडतात. मला मात्र या गोष्टी सांगण्याची पद्धत पटत नाही. नापास झाला आणि मोठा झाला, एवढंच आपण सांगतो. मधली वर्षं, रोजचा अभ्यास, पुन्हा दिलेले पेपर, हे गाळून टाकतो. त्यामुळे पोरांना वाटतं नापास होणं हीच पहिली पायरी.

तिसऱ्या रांगेत माझा नववीचा बेंचमित्र बसला आहे. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी माईकवर सांगतो. वडील गेले, वावर आलं, शाळा सुटली. त्याची नात आज बक्षीस घेणार आहे, निबंधाचं. ताई, गणितात किती आहेत ते नंतर सांग मला.

आता शेवटची विनंती, मुख्याध्यापक सर. आठवीपर्यंतची पुस्तकं फुकट मिळतात, म्हणून वर्ष संपलं की रद्दीत जातात. ती यंदा गोळा करा. पाचवी ते आठवीच्या गणिताची आणि इंग्रजीची पुस्तकं नववीच्या वर्गातच एका फळीवर ठेवा. फळीचा खर्च मी देतो, कव्हर मुलांनी घालावीत. आणि सहामाहीत जो नापास होईल त्याला रागावण्याआधी त्या फळीपाशी घेऊन जा.